कॅसेटमधलं दूध

हसणार नसाल तर सांगते. शेजारची माधुरी इथल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. जुनी पुस्तकं, जुने आवाज कॉम्प्युटरवर कायमचे कसे जपायचे, त्याची आखणी तीच करते. हे कळल्याबरोबर (आणि मला कळायचंच!) मी माझी बुरशी धरलेली कॅसेट घेऊन तिच्या दारात हजर. आईचा आवाज तेवढ्यातच उरला होता.

"वाचेल का गं?"

"प्रयत्न करते काकू. फीत तुटूही शकते हं."

मला चार दिवस जेवण गेलं नाही. मग तिने घरी बोलावून कॉम्प्युटर लावला. लष्कर मोहल्ल्यातल्या माझ्या माहेरचं भजन, टाळ, आणि मध्येच आई ओरडली, "अय्यो, दूध उतू जातंय, बघ की गं!"

मी ताडकन उठून माधुरीच्या स्वयंपाकघरात धावले. गॅस बंदच होता.

परत आले तर तिचेही डोळे ओले. म्हणाली, "ओरडणं कापलं नाही, काकू. लायब्ररीत करतो तशा तीन प्रती केल्यात. एक तुम्हाला, एक मला, एक लांब, पुण्याला माझ्या भावाकडे."

मी तिचे हात धरले. "देव तुझं भलं करो. फक्त भावाला सांग, ऐकताना गॅसवर दूध ठेवू नकोस."