पडून, का उचलून?

अनिता : कंत्राटी माणसाला कंपनीची बस नाय, असं ज्यानं कागदावर लिवलं ना, त्याला एक दिवस माझ्या नवऱ्याचा मणका लावून द्या. मग बघू, सात किलोमीटर कसा जातो तो.

आदेश : तो काय इथं बसलाय ऐकायला? जगनभाऊंना कशाला ऐकवतेस?

अनिता : मग कुणाला ऐकवू? धाटावला कंपनीच्या गेटवर गेले तर वॉचमन बोलतो, साहेब मीटिंगमध्ये. चार महिने तुमी घरी आडवे, तुमच्या कंत्राटदाराचं माणूस फिरकलं नाय. आता निरोप येतो, सोमवारपासून ये, पण तुझा तू ये.

जगन : ताई, तुम्ही त्या स्टुलावर बसा. दादा, तुम्ही नको. मोटारसायकल बंदच ना?

आदेश : पाच मिनिटं बसलो की डावा पाय मुंग्यांनी भरतो. रिक्षात पण तेच. रोह्याच्या फिजिओवाल्या बाई बोलल्या, मागं रेलून, पाय पुढं टाकून चालवायची सायकल असते, ती झेपेल तुला. मला वाटलं मस्करी करतायत. तर बोलल्या, पेणला एक जण बनवतो, गणपतीच्या मूर्ती हलवायच्या ट्रॉल्या करणारा.

जगन : गोव्याला निघालेल्या एका परदेशी माणसाची असली सायकल वडखळला मोडली होती. दोन दिवस माझ्याकडे जोडायला पडून होती, तेव्हा मापं उतरून घेतली. त्यावर चौदा केल्या. या दोन तयार आहेत. ही दोन चाकांची, ती तीन चाकांची.

आदेश : दोन चाकांची द्या.

जगन : बसून तरी बघा.

आदेश : बघायचं काय त्यात. दोन चाकांचीच.

अनिता : का पण? तीन चाकांवर कलंडायची भीती नाय.

आदेश : आणि गेटवर काय दिसेल? लुळ्याची गाडी आली.

जगन : तसल्या गाडीवर बसणाऱ्यानं तुमचं काय वाकडं केलंय?

आदेश : तसं नाय भाऊ. तुमाला गेट माहीत नाय. आमचा सुपरवायझर काळुराम, पंचिंगच्या वेळी तिथंच उभा असतो. कोण लंगडतो, कोण कंबर धरतो, सगळं टिपतो. संध्याकाळी यादीतनं नाव गेलेलं असतं. माझ्या जोडीचा धनेश नुसता भिंतीला टेकला होता. त्याला बोलला, आराम कर. तो अजून करतोय.

अनिता : म्हणजे सायकल पाठीसाठी घेताय का काळुरामासाठी?

आदेश : नोकरीसाठी घेतोय. गप जरा.

जगन : चला, बाहेर काढतो. टेका मागं. मान सोडा. आता दोन्ही पाय लागोपाठ वर, मध्ये विचार नको.

आदेश : पाय उचलला की झोक जातो हो हिचा.

जगन : पहिल्यांदा सगळ्यांचा जातो. मुठी आवळू नका. हां, मारा पॅडल. मारत राहा.

अनिता : मागून डंपर येतोय.

जगन : दादा, ब्रेक. पाय खाली. पाय खाली घ्या.

अनिता : बघितलंत? त्याच्या टायरच्या निम्म्यावर डोकं होतं यांचं. त्याला दिसले तरी का हे?

आदेश : मागं उंच काठी असते, तिला झेंडा लावतात.

अनिता : डंपरवाला झेंडा बघून थांबतो व्हय? फाटक पडलेलं बघून थांबत नाय तो.

जगन : घ्या आत. आधी सीटचा कोन लावू. दादा, एक विचारतो. पाठ कशानं गेली? पडून, का उचलून?

आदेश : तुमाला काय करायचंय?

जगन : सीट त्यावर ठरते. पडून माकडहाडाला मार असेल तर जास्त आडवी लावतो, बुडाखाली फट ठेवतो. उचलताना चकती सरकली असेल तर ते चालत नाही. कमरेला टेकू लागतो आणि पॅडल खाली. मी डॉक्टर नाही, पण एकाचं माझ्याकडून उलटं झालंय. लाजून खोटं बोलला तो. महिन्यात परत अंथरुणात.

अनिता : पडूनच. दुसऱ्या पाळीनंतर आईकडं गेले होते, निडीच्या बाजूला. तिथं सकाळी जांभळावर चढले. सासूबाईंना जांभळं खायची हौस. पोरगा चाळिशीला आला तरी झाडावर चढवायचा.

जगन : दादा?

आदेश : ती बोलली ना. पडून.

जगन : ठीक. आडवी लावतो. टेका. पाय पॅडलवर. किती वेळ झाला?

आदेश : बरं वाटतंय.

जगन : मग पायाची बोटं का हलवताय सारखी?

आदेश : सवय.

जगन : पडलेला माणूस बसताना आधी बूड चोरतो. तुम्ही आल्यापासून कंबर चोरताय. मला काय, दोन चाकी विकली की माझं काम झालं. पण परत येऊन माझ्या दारात झोपू नका.

अनिता : जगनभाऊ, काय बोलताय तुमी? मी सांगते ना, पडले.

आदेश : उचलून.

अनिता : काय?

आदेश : ड्रम उचलून. कंपनीत.

अनिता : आणि जांभूळ?

आदेश : जांभळाला तवा जांभळं तरी होती काय गो? दिवाळी होऊन गेलेली. तू रागात होतीस, तुझ्या ध्यानात आलं नाय.

अनिता : मी... थांबा. मला सगळं सांगा. आत्ता, ह्यांच्यासमोर.

आदेश : ड्रम न्यायची ट्रॉली तीन आठवडे मोडलेली. चौघांचं काम, दोघंच होतो. मी आणि धनेश. दुसऱ्या ड्रमला कमरेत कट् झालं, पाय गेले. काळुरामनं त्याच्याच गाडीतून मला आईकडं सोडलं. वाटेत बोलला, कामावर झालं असं कागदावर लागलं तर चौकशी बसते. चौकशी बसली की कंत्राट जातं, साठ जणांची घरं बसतात. घरी झाडावरून पडलो असं लिहून दे, बरा झालास की परत घेतो. दिलं लिहून.

अनिता : सही केलीत?

आदेश : केली.

अनिता : आणि मला खोटं सांगितलंत.

आदेश : तुला खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू गेटवर असतीस.

अनिता : असतेच. चार महिने मी सासूबाईंच्या घरचं पाणी प्याले नाय. दारात जाऊन बोलले, पोराची कंबर खाल्लीत. त्या एका शब्दानं बोलल्या नाय मला. खाली मान घालून चुलीपुढं बसल्या.

आदेश : मीच गप राहायला सांगितलेलं. नोकरीचं हाय बोललो.

अनिता : म्हणजे त्या साठ घरांसाठी म्हातारीनं शिव्या खाल्ल्या, माझ्याकडून. आज घरी नाय जायचं. आधी निडी.

जगन : दादा, आता मोकळं सांगतो. दोन चाकीचं पॅडल एवढ्या खाली येत नाही, पुढचं चाक आड येतं. तीन चाकीचं येतं. तिची सीट वर आहे, डंपरवाल्याला डोकं तरी दिसेल. तुमच्या पाठीला तीच. पण ती लपत नाही, तेही खरं.

आदेश : भाऊ, ती घेऊन गेटवर गेलो तर संध्याकाळी यादीत मी नसेन.

जगन : तो तुमचा हिशोब. माझ्याकडे फक्त सीट आहे.

आदेश : लावा. बसून बघतो.

जगन : कमरेला हा टेकू. पॅडल चार बोटं खाली घेतलं. मारा. काय होतंय?

आदेश : काय नाय होत.

जगन : मुंग्या?

आदेश : नाय.

अनिता : रडताय कशाला मग?

आदेश : चार महिन्यांनी बसलोय गो. नुसता बसलोय.

(आदेशचा फोन वाजतो. तो नाव बघतो आणि सीटवरून न उठता उचलतो.)

आदेश : बोला काळुरामदादा. हां, सोमवारी. पहिल्या शिफ्टला.

अनिता : आज नको काय बोलू. हजेरी लागू दे आधी. ऐका माझं.

आदेश : सायकलवर येतोय. तीन चाकांची. हसा, हसायला काय जातंय. दादा, मी लिहून दिलेला कागद गेटवर आणून ठेवा. जांभळाचा. मला तो खोडायचाय. नाय, बायकोनं नाय शिकवलं. ती नकोच बोलतेय... कंत्राट जाईल, साठ जण जातील, हे मागं पण ऐकलंय. मी एवढंच विचारतो, ड्रमची ट्रॉली झाली काय दुरुस्त? येईल म्हणजे कधी? मग माझं राहू द्या बाजूला. आज दुसऱ्या पाळीला ड्रम कोण उचलतोय? विषय नका बदलू दादा. मी धरलाय फोन. नाव सांगा त्याचं.