बाबा, आता बुडवा

योशिई नदीच्या घाटावर किनु नावेची वाट बघत होती. लेक गेल्यावर ती आंधळ्या नवऱ्याला, हिसानोरी लोहाराला सोडून बहिणीकडे राहत होती. आज लेकीचे कपडे पलीकडच्या देवळात द्यायचे होते. पुढे दोन कोळसेवाले बोलत होते.

“हिसानोरीची नवी तलवार पाहिलीस? धारेवर जणू धुकं उतरलंय!”

“आंधळ्याने घडवली? पातं पाण्यात बुडवण्याइतकं तापलं का, ते रंगावरूनच कळतं ना? त्याला कोण सांगतं?”

“परवा कोळसा द्यायला गेलो, तेव्हा आतून पोरीचा आवाज आला, ‘बाबा, आता बुडवा.’”

“अरे, त्याची पोर तर वारली!”

“म्हणून तर पोतं तिथेच टाकून पळालो.”

“नाव लागली, बाई. चढताय ना?” नावाड्याने विचारलं.

कपड्यांचं गाठोडं उराशी धरून किनु भट्टीच्या वाटेने पळत सुटली होती.