मेट्रनबाईंना थोपटलं तेव्हा

माही नाईट ड्युटी कशी सुटली, सांगू तुमाले? अकोल्याच्या आमच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाई भल्ल्या कडक. नाईट करून तशीच त्यांच्याकडं गेली. म्हटलं, "बाई, मले काही महिने दिवसपाळी द्या."

"काहून? बस, सांग."

"पोरगी तान्ही आहे. दिवसा ते झोपू देत नाही..."

कूलरची वाळ्याची हवा येऊन राहिली होती. बोलता बोलता माहा डोळा लागला. सपनात पांढऱ्याशुभ्र कापसाच्या गंजीवर आमी मायलेकी लोळून राहिलो होतो, अन् मी तिले हळूहळू थोपटत होती.

जाग आली तं माहा हात बाईंच्या हातावर! अन् बाई टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेल्या.

डोळे चोळत उठल्या, म्हणाल्या, "उद्यापासून दिवसपाळीले ये. अन् दुपारी इकडं चक्कर मारत जाय."