डाव्या बुटाची पर्स

माझ्या पर्सला हसताय ना? मग ऐकाच. आमचे नाना फौजेतून सुटून आले ते गुडघ्याएवढे बूट घेऊन. जळगावच्या उन्हात ते घालणार कोण? उजवा उंदरांनी कुरतडला, म्हणून मी डाव्याची नळी कापली, मोच्याची आरी मागून आणली आणि बोटं टोचून घेत झकास पर्स शिवली.

आईने मात्र ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "जोडा तो जोडाच शे. बाहेर चपलांत ठेव!" मी रागारागाने ती चपलांत नेऊन आपटली.

पुढे आम्ही मायलेकी एसटीच्या मोटारीने रावेरला निघालो. मागच्या बाकावरचा एकजण सारखा माझ्या खांद्याला हात लावत होता. दोनदा सांगितलं, "भाऊ, नीट बसा." ऐकेना. तिसऱ्यांदा मी वळले आणि पर्स फाडकन त्याच्या थोबाडावर हाणली.

सगळी मोटार बघायला लागली. हा बेशरम गाल चोळत म्हणतो कसा, "पर्सच लागली ना? जोडा तर नाही खाल्ला!"

तशी आई ताडकन उठली.

"पर्स नई शे ती, भाऊ! फौजना जोडा शे, आनि तो बी डावा पायना!"