सरांच्या डोक्यावरचे सतरा केस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, संध्याकाळच्या इंग्रजी वर्गातले माझे पिकल्या वयाचे वर्गबंधू-भगिनी, आणि आज वर्गातून निवृत्त होणारे आपले सर,

मी न्हावी. तीस वर्षं लोकांच्या मागे उभं राहून बोलतोय; समोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. हात सारखा कात्री शोधतोय, हसू नका. बरं, हसा!

साठीला टेकलेला माणूस इंग्रजी कशाला शिकतो? माझा नातू परदेशात वाढतोय. फोनवर तो इंग्रजीत चिवचिवायचा आणि मी इकडून नुसता ‘यस, यस’. एकदा त्यानं बापाला विचारलं म्हणे, “आजोबांना दुसरं काहीच येत नाही का?” दुसऱ्याच दिवशी मी वर्गात नाव घातलं.

पहिल्या आठवड्यात सर म्हणाले, आपापल्या कामाविषयी एक वाक्य लिहा. मी लिहिलं, ‘आय कट हेअर्स.’ सरांनी शेवटचा ‘स’ खोडला. “हेअर मोजत नाहीत. पाणी, वाळू, फर्निचर, तसंच हेअर.”

आता सांगा, ज्याची हयात केसांत गेली त्याला हे पटावं कसं? मी बोलून गेलो, “सर, तुमचे तर मोजता येतात!”

वर्ग बाकांवरून पडायचा तेवढा राहिला. सर मात्र फळ्याकडे वळले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. वर्गाला जाणंच सोडलं. बायको म्हणाली, “बसा आता जन्मभर यस-यस करत!”

चौथ्या दिवशी दुकानाचं दार ढकलून आत आलं कोण? सर! टोपी काढून थेट खुर्चीत बसले.

“मोजा.”

“सर, चुकलो, माफ करा...”

“मोजा म्हणतो ना!”

कंगवा घेतला. गिऱ्हाईकं भोवती जमली. कुणाचाच आकडा कुणाशी जुळेना, दोनदा पहिल्यापासून मोजणी! भरले सतरा. सर असे गदगदून हसले की एक माझ्या कंगव्यातच आला. सोळा!

डोळे पुसत सर म्हणाले, “सुटे सुटे मोजलेत तर हेअर्स. अख्खं डोकं धरलंत तर हेअर. तुम्हीही बरोबर, मीही बरोबर. उद्या वर्गाला या.”

गेलो. आणि गेल्या रविवारी नातवाशी सलग पाऊण तास इंग्रजीत बोललो! शेवटी तोच काकुळतीला आला, “आजोबा, जरा हळू. मला कळत नाहीये.”

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, ऋणी आहे. सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. जीभ कात्रीसारखी चालली. कुणाला कुठे खरचटलं असेल, तर पोटात घाला. नमस्कार.