हातातला कागद

हॅलो? … हो, काकाच बोलतोय. … नाही, झोपलो नव्हतो. बोल गं.

… कुठलं पत्र? … अच्छा. दादाच्या डायरीत आहे का ते? काय लिहिलंय? … "धाकट्याला पत्र टाकलं." आणि पुढे? … काहीच नाही. बरं.

हो, आलं होतं. ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी. मी उत्तर दिलं नाही.

… छे, भांडण कसलं? अगं ऐक ना. त्यात एक प्रश्न होता. तो रोमन सेनापती… हो, तोच, कॉलेजच्या नाटकात तुझ्या बाबांनी चादर गुंडाळून केलेला. … पलंगावरचीच. आई शोधत बसली होती.

तर त्याचा खून होतो त्या दिवशी वाटेत एक जण त्याच्या हातात कागद देतो. कटाची सगळी हकीकत लिहिलेला. म्हणतो, आधी हा वाचा, तुमच्याबद्दल आहे. नाटकात सेनापती म्हणतो, माझ्याबद्दल ना? मग सगळ्यांत शेवटी. त्या वाक्याला काय टाळ्या पडायच्या दादाला… आणि त्या सेनापतीच्या जुन्या चरित्रात तसं नाहीच. तिथे तो पुन्हा पुन्हा वाचू बघतो, पण भेटायला आलेली माणसं त्याला वाचूच देत नाहीत. … हो, तसाच. न वाचलेला कागद हातात धरून सभागृहात जातो, मारेकऱ्यांसमोर.

दादाने विचारलं होतं, तुला यातला कुठला खरा वाटतो? पानाच्या अगदी तळाशी. मी लगेच उठलो, चरित्र काढलं, ते पान शोधलं आणि पत्र तिथेच खूण म्हणून ठेवलं. मग उत्तर लिहायला बसलो. लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. तुला माहितीये माझं. वाटायचं, दादा हसेल.

… नाही, तेवढंच नाही. … सांगतो. पत्राचं पान उलटलंच नव्हतं मी. मागे मजकूर होता.

… काल कळलं. दादा जाऊन महिना होत आला, म्हटलं पुस्तक जागेवर ठेवावं.

… वाचून कशाला? पाठ झालंय. "एकोणीस तारखेला ऑपरेशन. किती अवघड आहे ते पोरीला सांगितलेलं नाही. तू जवळ असलास तर बरं वाटेल."

…

हॅलो? … आहेस ना? … बरं.

… नाही, रडलो नाही. काही होतच नाहीये. सकाळी चहा केला, तो तसाच राहिला. नंतर कप विसळून ठेवला.

… कामं कसली गं मला? ना भोवती माणसांची गर्दी, ना त्या नाटकातल्यासारखा मोठेपणा. नुसता खुर्चीत बसून होतो.

… हो, लिहिलंय उत्तर. आजच. खिशात आहे. तुझ्याशी बोलत जिना उतरलो, कोपऱ्यावरच्या पेटीशी आलोय. … चरित्रातला, असं लिहिलंय. त्याला वाचायचं होतं, बिचाऱ्याला. …

पाकिटावर नाव दादाचंच पडलं. बदलू का? … राहू दे म्हणतेस. उघडशील तू? … बरं. पान उलटून बघ हं. मागे एक ओळ आहे. … "येतोय." एवढीच.

… थांब जरा. पेटीचं झाकण घट्ट आहे.

… हो. पडलं आत. ठेवतो.