चूल उजवीकडे

...नाही, नाही, त्या पेटीवर नका बसू, ती बघायची आहे, बसायची नाही. दोरी लावलीय ना तिला? हां, ते खिडकीपाशी स्टूल आहे बघा, त्यावर बसा, ते माझं आहे, ऐतिहासिक नाही. तशी त्या पेटीवर लहानपणी मी रोजच बसायचे, बसून पाय आपटायचे आणि मार खायचे, पण तेव्हा ती पेटीच होती, ऐतिहासिक वगैरे काही नव्हती... तोंडातून निघून गेलं बघा. हो, आमचंच घर हे. मी सहसा सांगत नाही कुणाला. सांगितलं की लोक घर बघायचं सोडून मलाच बघायला लागतात. एका बाईंनी तर मला चुलीशेजारी उभं करून फोटो काढला आणि विचारलं, तुम्ही जेवता काय? मी म्हटलं, भूक लागली की जेवते.

तुम्हाला घाई नाहीये ना? नाही, बंद व्हायला वेळ आहे अजून, आणि तुम्ही थांबलात तर बरंच आहे, मला एका माणसाची गरज आहे. मागचं दार धरायला. ते आपोआप लागतं, फटकन लागतं, आणि माझे दोन्ही हात अडकलेले असणार. आई येतेय माझी. भाऊ घेऊन येतोय गाडीतून. तिला दिसत नाही आता, बरीच वर्षं झाली. उद्या दादा तिला कायमचं खाली आपल्या घरी नेतोय, तिकडे सपाटीवर, डॉक्टर जवळ आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. आईनं एकच मागितलं, एकदा मला माझ्या चुलीपाशी नेऊन बसवा. इतकी वर्षं नाव काढलं नाही हो! घर इथं आणून उभं केलं, उद्घाटन झालं, मी इथं नोकरीला लागले, रोज घरी जाऊन सांगायचे आज इतके लोक आले, तितके आले, पण एकदा म्हणून आली नाही. ते घर आता लोकांना बघायला आहे, मला नाही, म्हणायची. रुसलीय म्हटलं, रुसू दे. घर आहे ते, माणसासारखं उठून समजूत काढायला थोडंच जाणार?

मूळचं घर इथलं नाहीच मुळी. त्या समोरच्या डोंगराच्या कुशीत होतं आमचं गाव. तज्ज्ञ मंडळी आली, जमिनीत नळ्या खुपसून बघितलं, म्हणाली डोंगर सरकतोय, कधीही खाली येईल. गाव उठवलं. मग जिल्ह्याला आठवलं की अरे, या गावातली घरं फार जुनी आहेत, लाकडाची आहेत, ही जपायला हवीत. म्हणून गिरणी, शाळा, मधाची कोठी आणि आमचं घर असं सगळं खोलून या माळावर आणलं. डोंगर? डोंगर तिथंच आहे की. बघा ना खिडकीतून. आम्ही तेवढे सरकलो.

लाकडी घर हलवायचं म्हणजे काय करतात माहितीये? एकेक ओंडका सोडवतात, पण सोडवायच्या आधी प्रत्येकावर छिन्नीनं खूण करतात. डावी भिंत, खालून तिसरा. उजवी भिंत, खालून पाचवा. मग ट्रकमधून आणायचे आणि खुणा वाचत परत रचायचे. या सगळ्या घरांच्या खुणा माझ्या बाबांनी केल्यात. सुतार होते ते. सुतार म्हणजे कसे, तर आई म्हणते, यांनी ठोकलेला खिळा काढायचा तर आधी भिंत काढावी लागेल. आमच्या भाड्याच्या घरात दार नीट लागेना की आईचं सुरू, हे असते तर! नळ गळायला लागला तरी हे असते तर! आता नळाचा आणि सुताराचा काय संबंध? पण नाही. यांच्या हातून चूक म्हणून झाली नाही कधी, हे तिचं शेवटचं वाक्य. त्यापुढे बोलायची सोय नाही.

आणि म्हणूनच तर मागचं दार. थांबा, गाडी आली वाटतं... नाही, दुधाची आहे.

तुम्ही कुठले, लांबचे ना? परत काही येणार नाही इकडे. मग सांगायला हरकत नाही. ही चूल बघा. आत आल्यावर कुठल्या हाताला आहे? उजव्या. बरोबर. आणि झोपायचा ओटा डाव्या हाताला. ती पाटी वाचलीत? ‘डोंगरातले लोक वाऱ्याची दिशा ओळखून चूल उजवीकडे मांडत.’ छान लिहिलंय. मीच सांगितलं तसं त्या पाटीवाल्याला. तो सारखा विचारत होता उजवीकडे का, उजवीकडे का, मग काहीतरी सांगायला नको? वारा म्हटलं. वाऱ्याला कोण विचारायला जातंय! आता शाळेच्या सहली येतात, मुलं लिहून घेतात.

चूल डावीकडे होती हो. दारातून आत आलं की डावीकडे चूल, उजवीकडे ओटा. भिंती उलट बसल्यात. डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे, चुलीसकट. नाही, नाही, रचणाऱ्यांची काही चूक नाही, त्यांनी खुणा वाचल्या तशा लावल्या. सगळ्या घरांच्या खुणा बाबांनी अंगणात उभं राहून केल्या, दाराकडे तोंड करून, जशा करायच्या असतात तशा. आणि आमचं घर आलं तेव्हा आत उभं राहून केल्या. दाराकडे तोंड करूनच, पण आतून. आता आतून बघितलं की डावं ते बाहेरून उजवं, हे पोरालाही कळतं. पण त्यांना नाही कळलं. ते रोज जसे घरात उभे राहायचे तसे उभे राहिले आणि छिन्नी चालवली. शेवटचा ओंडका उतरवताना पडले, पाय मोडला, प्लास्टरमध्ये पडून राहिले, नाहीतर इथं रचताना त्यांनी लगेच थांबवलं असतं. आणि काम इतकं चोख की कुठं अडलंसुद्धा नाही! दोन्ही भिंती एका मापाच्या, खाचा एकसारख्या. हे घर बांधणारा आमचा पणजोबा जरा कच्चा सुतार असता ना, तर एखादी खाच तरी बसली नसती आणि कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

उद्घाटनाला बाबा कुबडी घेऊन आले. त्या तिथं, अंगणात उभे. वर बघितलं. धुरांडं बाहेरूनच दिसतं ना, लांबूनही दिसतं, त्या रस्त्याच्या वळणावरून तर आधी तेच दिसतं. बघितलं आणि बघतच राहिले. साहेबांनी भाषण केलं, घर जसंच्या तसं जपलं आहे म्हणाले, बाबांना पुष्पगुच्छ दिला, टाळ्या झाल्या. बाबा म्हणाले, हो. तेवढंच बोलले. आत चला म्हटलं तर म्हणाले पाय दुखतोय. त्यानंतर त्यांचा पाय कायम दुखत राहिला. इथं यायचं म्हटलं की दुखायचा, बाकी बाजारात वगैरे जाताना ठणठणीत. मला एकदाच बोलले, शेवटच्या आजारपणात. आतून मोजलं गं मी, म्हणाले. लोकांच्या घराबाहेर उभा राहिलो आणि आपल्या घरात उभा राहिलो, लक्षातच आलं नाही. मग म्हणाले, तुझ्या आईला कळू देऊ नकोस, तिला वाटतं माझं कधी चुकत नाही. मी म्हटलं नाही कळू देणार. आणि नाही दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी तरी कशाला धरून बसलेय मी इथं? वरच्या ऑफिसात जागा होती, हीटरसकट. पण इथं दुसरं कुणी बसलं आणि आमच्या गावचं जुनं माणूस आलं आणि म्हणालं, अरे, चूल इकडे कशी, तर? मी असले की निदान लगेच चहाला बाहेर नेता येतं. दोघांना नेलंय. तिसरी आत्या होती, तिला बाहेरच्या बाहेरच निरोप दिला.

सवय? सवय कसली होतेय. अजून दारातून आत आले की माझा हात डावीकडे जातो, बोटं शेकायला. तिथं ओटा आहे. माझंच घर, मीच रोज किल्ली लावून उघडते, आणि आत आले की वाटतं दुसऱ्याकडे आलेय... ते सोडा. काम ऐका तुमचं.

पुढच्या दारातून आलं की चूल उजवीकडे. पण मागच्या दारातून आलं की? डावीकडे! बघा करून, वळा असे. आलं ना लक्षात? म्हणून आईला मी मागच्या दारानं आणणार आणि सांगणार हे पुढचं आहे. दादाला सांगितलंय गाडी मागच्या अंगाला लाव. त्यानं का म्हणून विचारलं नाही. तो काहीच विचारत नाही, म्हणून त्याची तब्येत चांगली आहे. अडचण एकच, उंबरा. पुढचा उंबरा मधे झिजलाय, पाऊल बरोबर बसतं त्यात, आणि मागचा सपाट. आईचे डोळे गेलेत, पाय नाही गेले. म्हणून मागच्या उंबऱ्यावर जाड पायपुसणं टाकलंय, दोन टाकलीत. तुम्ही फक्त दार धरायचं आणि पाटी मोठ्यानं वाचायची नाही. लोक वाचतात मोठ्यानं, का कोण जाणे. आई चुलीपाशी बसेल, हात लावेल, रडली तर रडेल, आणि जाईल. तिचं घर गेलं, डोळे गेले, बाबा गेले, उद्या हा डोंगरही सुटणार. राहिला काय तर बाबांच्या हाताचा भरवसा. तेवढा तरी तिच्याबरोबर अख्खा खाली जाऊ दे. माझी दुसरी काही इच्छा नाही.

आली. आली गाडी. अहो, ही पुढे का थांबली? दादा! मागे! मागे म्हटलं होतं ना तुला, मागच्या अंगाला... आईनं सांगितलं? आईला काय कळतंय गाडी कुठं लावायची! आई, अगं थांब, थांब, इकडून नको, इकडे ऊन लागतंय, मागून ये... चोर? चोर कशाला म्हणेन मी तुला? मागच्या दारानं काय चोरच येतात का? बरं, हात तरी दे. नको? पायरी आहे तिथं. हो, तुला माहितीये पायरी. उंबरा... हो, उंबराही माहितीये. अहो, तुम्ही सरका जरा, मागचं दार राहू द्या आता, भिंतीला लागून उभे राहा. आई, एक मिनिट थांब, मी तुला धरून नेते, इथं सामान आहे खूप, दोऱ्या आहेत, तू आपली डावीकडे... आई?

उजवीकडे वळली. बघितलंत? सरळ उजवीकडे वळली.

आई, तू... बसलीस. बरोबर बसलीस. हो, तीच चूल. तोच टवका, हो, कढई पडली होती तो. पण तुला कसं... धुरांडं? कुठून दिसलं? बसमधून? कधी गं? डोळे होते तेव्हा. म्हणजे पहिल्याच वर्षी. वळणावरून. आणि इतकी वर्षं बोलली नाहीस? हो. त्यांना लागलं असतं. लागलं असतं, खरं आहे. आणि आत आली असतीस तर काहीतरी बोलावं लागलं असतं, म्हणून आलीच नाहीस. आणि मी आपली म्हणत होते रुसलीय. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथं घरभर मांजरंच होती म्हणायची... काही नाही गं, तुला नाही म्हटलं.

काय? मोठ्यानं बोल ना, दादा बाहेर आहे, ऐकू नाही जात त्याला. काय विचारतेस?

बाबांना? कळलं होतं का?

नाही. नाही, आई. त्यांना नाही कळलं. आत आलेच नाहीत ना कधी ते, पाय दुखायचा त्यांचा. जसंच्या तसं बसलंय म्हणायचे. शेवटपर्यंत म्हणत होते. खरंच. शपथ कशाला हवी त्याला? खुशीत गेले अगदी. तू बस निवांत. शेक घे... विझलेलीच असते गं ती, हात ठेव नुसता.

तुम्ही अजून इथंच? बंद झालं. हो, वेळेआधी झालं, कधीकधी होतं. नाही, पुढून नको, ती बसलीय तिथं. मागच्या दारानं जा. आणि पायपुसणी बाजूला करा जाताना, पाय अडकेल कुणाचा तरी.